मे महिन्यातही आरेचं गवत हिरवं कसं? म्हशींच्या चाऱ्याला पाणी देण्याचे फायदे आणि धोके

मे महिन्यात गोरेगाव पूर्वेहून पवईकडे जाताना आरे कॉलनीचा रस्ता लागतो. टेकड्यांवरचं गवत तेव्हा वाळून पिवळं पडलेलं असतं. पण तबेल्यांच्या आसपासच्या सखल जागांमध्ये मात्र कमरेएवढं, गर्द हिरवं गवत डोलत असतं. शेवटचा पाऊस पडून सात महिने झालेले असतात, तरीही.

हे गवत आपोआप उगवलेलं नाही. त्याचं नाव पॅरा गवत, आणि ते म्हशींसाठी मुद्दाम लावलेलं आहे. त्याला वर्षभर पाणी मिळतं म्हणून ते हिरवं आहे. सकाळी तबेल्यावरून तुमच्या घरी येणाऱ्या दुधाशी या गवताचा थेट संबंध आहे. आणि हे पाणी नेमकं कुठून येतं, यावर बऱ्याच गोष्टी ठरतात.

मुंबईत कुरण आहे कुठे?

'कुरण' म्हटलं की डोळ्यांसमोर मोकळी चरणारी जनावरं येतात. मुंबईतली दुधाची म्हैस चरायला जात नाही. ती तबेल्यात बांधलेली असते आणि गवत कापून तिच्या गव्हाणीत आणून टाकलं जातं. म्हणजे इथे म्हैस कुरणात जाण्याऐवजी कुरणच म्हशीकडे येतं. जगभरात ज्या 'बागायती कुरणां'बद्दल बोललं जातं, त्याची ही मुंबई आवृत्ती.

ही व्यवस्था आरेत मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई शहरात वस्तीला लागून शेकडो तबेले होते. दाटीवाटी, शेणाचे ढीग, दुधात भेसळ. यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी हे या योजनेचे शिल्पकार. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १९६३ मध्ये खुरोडींना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत रॅमन मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. आज आरे म्हटलं की मेट्रो कारशेड आणि बिबटे आठवतात, पण ही जागा मुळात दुधासाठी घेतलेली.

सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि १६ हजारांच्या आसपास जनावरं, असा हा पसारा. एवढ्या जनावरांना हिरवा चारा द्यायचा तर तो जवळच पिकवायला हवा. म्हणून पॅरा गवत आलं.

पॅराच का?

हे गवत मूळचं आफ्रिकेतलं. ब्राझीलच्या पारा राज्यावरून त्याला हे नाव मिळालं. त्याची खासियत अशी की, ज्या दलदलीत मका किंवा ज्वारी कुजून जाईल तिथे ते जोमाने वाढतं. कांडं जमिनीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात. लावण्यासाठी बी लागत नाही, कांड्यांचे तुकडे पुरतात. एकदा लागलं की साधारण दर दीड महिन्याने कापायचं, ते पुन्हा येतं.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत. कोकणातलं पावसाळी गवत दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापून रचून ठेवतात आणि ते वर्षभर पुरवतात. ते सुकं गवत म्हशीचं पोट भरतं, पण दुधासाठी पुरत नाही. चांगलं पाणी-खत मिळालेल्या पॅरा गवताचं उत्पादन मात्र वर्षाला हेक्टरी ८० ते १०० टनांपर्यंत जाऊ शकतं.

फायदा तिथूनच सुरू होतो. दुधाच्या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. हिरवा चारा असला की पेंड आणि भुशावरचा भार कमी होतो. हिरव्या पानांतल्या कॅरोटिनपासून जनावराला 'अ' जीवनसत्त्व मिळतं. (म्हैस हे कॅरोटिन जवळपास सगळंच 'अ' जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र दिसतं. गायीच्या दुधात ते थोडं तसंच उतरतं, म्हणून ते पिवळसर.) म्हैस वेळेवर माजावर येणं, गाभण राहणं यालाही हिरव्या चाऱ्याची मदत होते.

आणखी एक फायदा सहसा कोणी मोजत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये देशभरातल्या दुधाच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते दुधात येतं ते मुख्यतः दमट जागी साठवून बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि खाद्यातून. रोज ताजं कापलेलं गवत जितकं जास्त, तितकं या साठवलेल्या खाद्यावरचं अवलंबन कमी.

आता पाण्याचा हिशोब

एक मिलिमीटर पाणी एका हेक्टरवर पसरायला १० हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात मुंबईसारख्या हवेत हिरवं पीक दिवसाला ढोबळमानाने पाच मिलिमीटर पाणी उडवतं. म्हणजे हेक्टरी रोज ५० हजार लिटर. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष धरला, तर एका हेक्टर गवताचं पाणी साधारण ३७० माणसांच्या पाण्याइतकं होतं.

हेच म्हशीच्या भाषेत पाहू. वर्षाला ९० टन म्हणजे दिवसाला हेक्टरी सुमारे २५० किलो गवत. ५० हजार लिटरला २५० ने भागलं की उन्हाळ्यातल्या एक किलो हिरव्या गवतामागे २०० लिटर पाणी येतं. एका दुभत्या म्हशीला रोज २५ किलो हिरवा चारा घातला, तर पाच हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दोन म्हशींचा एका दिवसाचा हिरवा चारा! म्हैस स्वतः पिते ते ५०-८० लिटर या हिशोबात कुठे दिसतही नाही.

जमिनीचं गणितही असंच डोळे उघडणारं आहे. १६ हजार जनावरांना रोज २५ किलो म्हणजे दिवसाला ४०० टन, वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन. हेक्टरी ९० टनांनी भागलं तर १,६०० हेक्टरहून जास्त जमीन लागते. आरे आहे १,२८७ हेक्टरांची. म्हणजे रस्ते, तबेले, जंगल, आदिवासी पाडे सगळं पुसून फक्त गवत लावलं तरी भरपूर हिरवा चारा पुरणार नाही. त्यामुळे आरेतल्या म्हशींनाही सुका चारा आणि पेंड लागतेच. शिवाय जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवलीच्या तबेल्यांकडे स्वतःची गवताची जमीन नाही. त्यांचं गवत टेम्पोने बाहेरून येतं.

मग पाणी येतं कुठून?

धरणातलं शुद्ध केलेलं पाणी गवतावर ओतणं कोणत्याही शहराला परवडणार नाही, मुंबईला तर नाहीच. म्हणून मुंबईत गवताला दिलं जातं ते 'दुसऱ्या हाताचं' पाणी.

त्यातलं एक पवई तलावाचं. १८९० मध्ये बांधून झालेला हा तलाव पिण्याच्या पाण्यासाठीच होता, पण त्याचं पाणी पिण्यायोग्य राहिलं नाही. दर पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की महापालिका जे निवेदन काढते, त्यात हे वाक्य असतंच: हे पाणी औद्योगिक वापरासाठी आणि आरे दुग्ध वसाहतीत पिण्याव्यतिरिक्त इतर कामांसाठी वापरलं जातं. तलावाची क्षमता ५४५ कोटी लिटर. पण भोवतालच्या वस्तीचं सांडपाणी तलावात मिसळतं आणि जलपर्णी माजते, हे पवईकर वर्षानुवर्षं बघत आलेत.

दुसरं पाणी तबेल्यांचंच. एक म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते. १६ हजार जनावरांचं झालं २४० टन, रोज. त्यात मूत्र आणि गोठा धुतल्याचं पाणी. हे सगळं चरांमधून सखल भागातल्या गवतावर सोडायचं, ही आरेची जुनी युक्ती. एका फटक्यात पाणी मिळतं, खत मिळतं आणि शेणाची विल्हेवाट लागते. त्या काळात 'सर्क्युलर इकॉनॉमी' हा शब्द कोणी वापरत नव्हतं, पण ही तीच गोष्ट होती. कल्पना खरोखर हुशारीची आहे, आणि आजही शेण नाल्यात सोडण्यापेक्षा शंभर पटीने बरी.

अडचण येते ती प्रमाणाची. गवत जेवढं पचवू शकतं त्यापेक्षा जास्त शेणपाणी त्याच त्याच जागी पडत राहिलं, की ज्या चरातून फायदा आला त्याच चरातून धोका येतो.

धोका पहिला: चॉकलेटी रक्त

शेण-मुतात नत्र भरपूर असतं. जमिनीत त्याचं नायट्रेट होतं आणि गवत ते शोषून घेतं. ऊन चांगलं असेल, वाढ नीट चालू असेल तर गवत त्यापासून प्रथिनं बनवतं. पण आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेलं असेल, किंवा पाण्याचा ताण पडून मग अचानक भरपूर पाणी मिळालं असेल, तर नायट्रेट कांड्यांत तसंच साठून राहतं. बाहेरून काहीच कळत नाही. उलट असं गवत जास्त गर्द आणि लुसलुशीत दिसतं.

म्हशीच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं. ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. जनावर धापा टाकतं, हिरड्या निळसर पडतात, रक्ताचा रंग चॉकलेटी होतो. जास्त मात्रा गेली तर काही तासांत जनावर दगावतं. पशुवैद्यकाने वेळेत मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन दिलं तर ते वाचू शकतं. तबेलेवाल्यासाठी एक दुभती म्हैस म्हणजे लाखाच्या घरातली गुंतवणूक, त्यामुळे हे 'काही तास' फार महागाचे असतात.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. गवत उन्हात वाळवलं की दोष जातो, असं अनेकांना वाटतं. नायट्रेट वाळवल्याने जात नाही. मुरघास केला तर आंबवण्याच्या क्रियेत त्याचं प्रमाण बरंच घटतं. सोपा उपाय म्हणजे संशयित गवत एकट्याने न घालता सुक्या चाऱ्यात मिसळून, थोडं थोडं घालणं, आणि उपाशी म्हशीपुढे तर ते मुळीच न टाकणं. नायट्रेट बुंध्याकडच्या भागात जास्त साठतं, त्यामुळे कापताना खालचा भाग सोडून देणंही उपयोगी पडतं.

पॅरा आणि नेपियरसारख्या गवतांत ऑक्झलेटही असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. दुभत्या जनावराला कॅल्शियमची गरज आधीच जास्त, म्हणून खनिज मिश्रण चुकवून चालत नाही.

धोका दुसरा: गोगलगाय आणि यकृतातला किडा

साचलेलं पाणी, मऊ गवत आणि शेण. लिव्हर फ्लूक या चपट्या कृमीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. बाधित जनावराच्या शेणातून त्याची अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेली पिल्लं पाण्यातल्या छोट्या गोगलगायीच्या शरीरात वाढतात, बाहेर पडतात आणि पाण्यालगतच्या गवताला चिकटून बसतात. ते गवत कापून गव्हाणीत आलं की किडा म्हशीच्या यकृतात. म्हैस एकदम मरत नाही. ती खंगत जाते, दूध घटतं, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. अनेकदा मालक 'खाद्य लागत नाही' म्हणून पेंड वाढवत बसतो.

शेणपाणी थेट गवतावर सोडण्याच्या पद्धतीत हे चक्र आपण स्वतःच पूर्ण करून देतो: शेण, पाणी, गोगलगाय, गवत, पुन्हा म्हैस. ते तोडायचे मार्ग आहेत. शेण आधी बायोगॅस संयंत्रात किंवा खड्ड्यात कुजवून मग वापरणं, पाणी सतत तुंबवून न ठेवता मधे जमीन सुकू देणं, पाण्याखाली बुडालेला भाग न कापणं आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक देणं. यातलं कोणतंही रॉकेट सायन्स नाही, पण प्रत्येकाला जागा आणि माणसं लागतात, आणि मुंबईत या दोन्ही गोष्टी महाग आहेत.

ज्या माणसाच्या पायाला हे पाणी लागतं त्याचं काय? अनवाणी गवत कापणाऱ्या मजुराला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर आणि गुरांच्या मुतातून पाण्यात येणारे हे जंतू पायावरच्या छोट्या जखमेतूनही शरीरात जातात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. गमबूट हा इथला सर्वांत स्वस्त उपाय.

धोका तिसरा: उकळून न जाणारं

शेणातले आणि सांडपाण्यातले जंतू कासेला लागून दुधात येऊ शकतात. आपल्याकडे दूध उकळून पिण्याची सवय आहे आणि ती इथे वाचवते. पण शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू उकळून जात नाहीत. कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या नाल्यावर पिकवलेल्या गवतात ते येऊ शकतात. जनावराच्या यकृतात आणि मूत्रपिंडात ते जास्त साठतात, दुधात त्यातला थोडाच अंश उतरतो. मात्र लहान मुलांसाठी शिशाची थोडी मात्राही चांगली नाही.

म्हणून सगळ्या 'घाण पाण्या'ला एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. गोठा धुतलेलं पाणी, घरगुती सांडपाणी आणि औद्योगिक सांडपाणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं नीट कुजवून, मापाने वापरलं तर खत आहे. दुसऱ्यावर आधी प्रक्रिया हवी. तिसरं चाऱ्याला देऊच नये.

उतारावर पुढे काय होतं?

गवताने न घेतलेलं नत्र कुठे जातं? खाली. आरेतून ओशिवरा नदी निघते आणि मालाडच्या खाडीला मिळते. पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यातून मिठी सुरू होते. दहिसर नदीच्या काठच्या तबेल्यांचं शेण नदीत जातं, ही तक्रार बोरिवली-दहिसरकरांना नवी नाही. शेणपाणी गवतात मुरतं की थेट नदीत उतरतं, हा फरक मुंबईच्या नद्यांसाठी मोठा आहे.

मोठ्या पातळीवर हे काय रूप घेतं ते न्यूझीलंडमध्ये दिसतं. तिथल्या कँटरबरीच्या कोरड्या मैदानांवर गेल्या काही दशकांत गोल फिरणाऱ्या महाकाय यंत्रांनी कुरणं भिजवली जाऊ लागली. मेंढ्यांच्या जागी दुभत्या गायी आल्या, दूध आणि निर्यात वाढली. पण गोट्यांच्या त्या हलक्या जमिनीतून नायट्रेट भूजलात उतरलं आणि विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावांमध्ये वाद पेटला. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, भारताची ४५. शेवटी जुलै २०२१ पासून न्यूझीलंडने कुरणांवर वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त रासायनिक नत्र टाकायला बंदी घातली. सौदी अरेबियाने तर वाळवंटातलं भूजल संपत चालल्याने देशातली हिरव्या चाऱ्याची लागवड टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय घेतला. तिथली अल्मराई ही दूध कंपनी अमेरिकेत आणि अर्जेंटिनात जमिनी घेऊन चारा पिकवू लागली. पाणी आपलं नसलं की दूसऱ्याचं आणायचं, हा प्रकार टेम्पोने गवत मागवणाऱ्या तबेल्यापेक्षा फार वेगळा नाही.

तबेले बाहेर नेले तर?

हा सल्ला दर काही वर्षांनी येतो. शहरात जनावरं पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ चा आहे, आणि मुंबईच्या म्हशी हलवण्यासाठी जागाही ठरली होती: पालघर जिल्ह्यातलं दापचरी, गुजरात सीमेजवळ. तिथे सरकारने दुग्ध प्रकल्प उभा केला आणि त्याच्या पाण्यासाठी कुर्झे धरण बांधलं. म्हणजे यावेळी चाऱ्याला दुसऱ्या हाताचं नाही, चांगलं धरणाचं पाणी मिळणार होतं. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. पण मुंबईच्या म्हशी काही मोठ्या संख्येने तिकडे गेल्या नाहीत. तबेलेवाल्याचं गिऱ्हाईक अंधेरी-बोरिवलीत आहे, पहाटे काढलेलं दूध सातच्या आत दारात पोचलं तरच त्याला पाकिटातल्या दुधापेक्षा जास्त दर मिळतो. दापचरीहून हे गणित जुळत नाही. पाणी, जमीन सगळं होतं, बाजार लांब होता.

त्यामुळे नजीकच्या काळात तरी मुंबईच्या म्हशी मुंबईतच राहणार आणि त्यांना गवतही लागणार. आरेत निदान गवत कुठल्या चरावर वाढलंय ते डोळ्यांना दिसतं. रस्त्याकडेच्या तबेल्यांत येणाऱ्या टेम्पोतल्या गवताचं तसं नाही. ते नदीकाठचं, विहिरीच्या पाण्यावरचं की एखाद्या नाल्यावरचं, हे जुडी बघून ओळखता येत नाही. बाजारात गवताचा भाव ओलेपणावर आणि हिरवेपणावर ठरतो, आणि नायट्रेट भरलेलं गवत सर्वांत हिरवं दिसतं. तुम्ही तबेल्याचं दूध घेत असाल तर पुढच्या वेळी भैयाला 'पाणी घालत नाही ना?' या नेहमीच्या प्रश्नासोबत आणखी एक विचारता येईल: गवत कुठून येतं, आणि त्याला पाणी कुठलं असतं?